चार वाटे, एक किल्ली

बँकेची तिजोरी एकट्या माणसाच्या हाताने उघडत नाही, ही गोष्ट लहान गावातील खातेदारालाही ठाऊक असते. एक किल्ली व्यवस्थापकापाशी, दुसरी रोखपालापाशी. दोघे तिजोरीसमोर उभे राहिले म्हणजेच दार उघडावयाचे. सरकारी कोषागारातही दुहेरी कुलपाची हीच रीत आहे. यात कोणा एकावर अविश्वास दाखविण्याचा हेतू नसतो. मोठी ठेव एकाच माणसाच्या स्वाधीन केली म्हणजे त्याचा मोह, त्याचा विसरभोळेपणा आणि त्याचे आजारपण, या सर्वांच्या स्वाधीन ती होते, एवढाच अनुभव या रीतीमागे आहे.

या दोन किल्ल्यांपैकी एक हरवली तरी अनर्थ होत नाही. दुसरी प्रत अन्यत्र ठेवलेली असते आणि तीही न मिळाल्यास कुलूप तोडता येते. ओडिशातील पुरीच्या जगन्नाथ मंदिरातील रत्नभांडाराच्या आतील दालनाची किल्ली सापडत नसल्याचे २०१८ साली उघडकीस आले, तेव्हा देशभर चर्चा झाली. अखेरीस १४ जुलै २०२४ रोजी अधिकाऱ्यांच्या देखत कुलपे तोडून ते दालन उघडण्यात आले. कुलूप लोखंडाचे होते, म्हणून ते तुटले.

कागदपत्रांचेही तसेच आहे. बिदर जिल्ह्यातील हुलसूर हे गाव १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यात होते. पुढे ते म्हैसूर राज्यात गेले आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. राज्य बदलले, कागदांची भाषा बदलली. परंतु शेतकऱ्याची पहाणी हरवली तर नक्कल मागावयास कोणती तरी कचेरी नेहमीच राहिली. आज मात्र जगात अशी एक मालमत्ता निर्माण झाली आहे, की जिची किल्ली हरवली असता ना कचेरी उपयोगी पडते ना लोहार. ब्लॉकचेनवरील मालमत्ता ती हीच. तिच्या किल्लीचे वाटे करून ते निरनिराळ्या माणसांपाशी कसे ठेवतात आणि प्रसंग पडल्यास त्या वाट्यांतून मूळ किल्ली परत कशी मिळवितात, हे समजून घेण्यासारखे आहे.

ब्लॉकचेन म्हणजे एक सामाईक खातेवही. ती कोणा एका पेढीपाशी नसून जगभरातील हजारो संगणकांवर तिच्या सारख्याच प्रती असतात. नवे पान जोडावयाचे तर ते खरे आहे असे सांगणारे साक्षीदार लागतात. या साक्षीदार संगणकांना व्हॅलिडेटर म्हणतात. हा प्रकार केवळ परदेशीचा नाही. आज पॉलिगॉन या नावाने ओळखले जाणारे व्हॅलिडेटरांचे जाळे मुळात २०१७ साली मुंबईत मॅटिक या नावाने सुरू झाले. या क्षेत्रातील इथेरियम नावाच्या मोठ्या खातेवहीत १५ सप्टेंबर २०२२ पासून सर्व कारभार अशा साक्षीदारांवर चालतो. साक्षीदार होण्यासाठी किमान ३२ इथर, म्हणजे त्या खातेवहीतील चलनाचे ३२ नग, अनामत ठेवावे लागतात. त्यानंतर दर ६ मिनिटे २४ सेकंदांत एकदा, म्हणजे दिवसातून २२५ वेळा, आपल्या साक्षीवर सही करावी लागते. खरी साक्ष दिली तर थोडा मोबदला मिळतो. गैरहजर राहिल्यास थोडा दंड बसतो. आणि एकाच प्रसंगी दोन परस्परविरोधी साक्षींवर सही केल्यास अनामतीचा भाग कापून त्या साक्षीदाराला कायमचे काढून टाकतात.

ही सही शाईची नसते. ती एका गुप्त संख्येच्या साहाय्याने करावयाची गणिती सही असते. त्या गुप्त संख्येलाच खासगी किल्ली म्हणतात. इथेरियमच्या व्हॅलिडेटराची किल्ली सत्त्याहत्तर आकड्यांपर्यंतची असू शकते. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर तो खोट्या सह्या करून मालकाची अनामत बुडवू शकतो. ती नष्ट झाली तर संगणक मुका होतो आणि रोजच्या दंडाने ठेव झिजू लागते. ठेव परत घेण्याची किल्ली वेगळी असते, हे खरे. मे २०२५ मधील सुधारणेनंतर त्या दुसऱ्या किल्लीच्या बळावर व्हॅलिडेटराला निवृत्तही करता येते. तत्पूर्वी तेही सहीच्या किल्लीवाचून साधत नसे. परंतु दोन्ही किल्ल्या गेल्या तर ती ठेव डोळ्यांना दिसत राहील आणि हाती कधीच येणार नाही.

आता अशी कल्पना करावी, की हुलसूरचे एक मास्तर, भालकीचे एक अडत व्यापारी, मास्तरांचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा आणि हैदराबादेत स्थायिक झालेला पुतण्या, अशा चौघांनी पैसे घालून एक व्हॅलिडेटर चालविला आहे. किल्ली कोणापाशी ठेवावी? एकापाशी ठेवली तर सर्वांचे दैव त्याच्या संगणकाला बांधलेले. चौघांना एकेक पूर्ण प्रत दिली तर चोराला चार घरे मोकळी. कोणतेही एक फोडले की काम झाले. किल्लीचे आकडे कापून चार तुकडे करावेत, तर दोन दोष उद्भवतात. एक तुकडा हरवला की सारे संपले. आणि प्रत्येक तुकडा चोराचे काम हलके करीत जातो. दहा आकडी दूरध्वनी क्रमांकातील सात आकडे ज्याला मिळाले, त्याला केवळ एक हजार क्रमांक फिरवून पाहावयाचे उरतात.

या पेचातून वाट काढणारा लेख आदी शामीर या इस्रायली गणितज्ञांनी १९७९ साली प्रसिद्ध केला. तो अवघ्या दोन पानांचा आहे. त्याच वर्षी जॉर्ज ब्लॅकली या अमेरिकन गणितज्ञांनीही स्वतंत्रपणे दुसरी रीत मांडली. शामीर यांची कल्पना शाळेतील आलेखाच्या वहीवर समजावून घेता येते. श्रोत्यांनी कागद-पेन्सिल जवळ घेतली तर अधिक सोयीचे होईल.

दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. एका बिंदूतून मात्र वाटेल तितक्या रेषा काढता येतात. गुप्त संख्या २५ आहे असे समजू. शून्याच्या जागी २५ ठेवून, दर पावलाला ६ चढणारी रेषा काढली, तर पहिल्या जागी ३१, दुसऱ्या जागी ३७ आणि तिसऱ्या जागी ४३ येतात. हे तीन वाटे तिघांना द्यावेत आणि २५ पुसून टाकावेत. पहिला आणि तिसरा भेटले तर ते पाहतील, की दोन पावलांत १२ चढले, म्हणजे एका पावलात ६; मग ३१ वरून एक पाऊल मागे गेले की २५. परंतु ३१ हा एकच वाटा ज्यापाशी आहे त्याला चढ ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीने शून्याच्या जागी कोणतीही संख्या असू शकते.

तिघे जमल्यावाचून किल्ली मिळू नये असे वाटत असेल, तर सरळ रेषेऐवजी वक्र रेषा घ्यावयाची. वर कल्पिलेल्या चौघांसाठी पुन्हा २५ हीच गुप्त संख्या घेऊन मास्तरांना ३३, व्यापाऱ्यांना ४५, मुलाला ६१ आणि पुतण्याला ८१ असे वाटे देता येतील. यांतील फरक पाहावेत. ३३ ते ४५ हा फरक १२ चा, ४५ ते ६१ हा १६ चा, ६१ ते ८१ हा २० चा. फरकांमधील फरक सर्वत्र ४ आहे. म्हणून ३३ च्या मागचा फरक ८ असला पाहिजे आणि ३३ मधून ८ वजा केले की २५ उरतात.

पहिले दोघेच जमले तर काय होईल? तिसरा वाटा ६१ आहे हे त्यांना ठाऊक नाही. त्यांनी तो ६० मानला तर हिशेबाने गुप्त संख्या २४ येते. ६२ मानला तर २६ येते. प्रत्येक तर्काला एक उत्तर तयार आहे आणि कोणते खरे हे सांगणारी खूण कोठेही नाही. दोन वाटे मिळाले म्हणजे दोन-तृतीयांश किल्ली मिळाली, असे येथे घडत नाही.

हाच हिशेब एका ओळीतही मांडता येतो. पहिल्या वाट्याची तिप्पट घ्यावी, तीतून दुसऱ्याची तिप्पट वजा करावी आणि तिसरा वाटा मिळवावा. ९९ मधून १३५ वजा करून ६१ मिळविले की २५ येतात. तिसरा गैरहजर असून चौथा आला, तर गुणक बदलतात. पहिल्याला आठ-तृतीयांशांनी गुणून ८८, दुसऱ्याची दुप्पट ९० वजा, चौथ्याचा तृतीयांश २७ अधिक. उत्तर पुन्हा २५. गुणक काढण्याची ही रीत लाग्रांज या गणितज्ञांच्या नावाने ओळखली जाते.

साध्या अंकांत चतुर मनुष्याला थोडाफार अंदाज बांधावयास वाव राहतो. म्हणून प्रत्यक्षात हे गणित घड्याळाच्या रीतीने करतात. घड्याळात दहानंतर पाच तासांनी पंधरा न वाजता तीन वाजतात. येथे बारा तासांच्या जागी सत्त्याहत्तर आकडी मूळ संख्येचे चक्र असते. त्या चक्रात लहान-मोठे हा भेदच उरत नाही आणि अपुऱ्या वाट्यांवरून अंदाज बांधण्याची वाट बंद होते.

आता किल्ली परत मिळविण्याचा प्रसंग पाहावा. हैदराबादच्या पुतण्याचा संगणक जळाला आणि त्याचा वाटा त्याबरोबर गेला, असे समजू. उरलेले तिघे साक्षीचे काम पूर्वीसारखे चालवू शकतात. परंतु आता त्यांच्यापाशी शिल्लक अशी काही नाही. आणखी एक वाटा गेला की उरलेल्या दोघांच्या हाती दोन निरुपयोगी संख्या राहतील. तेव्हा तिघांनी ठरविले, की वेळ आहे तोवर वाटे एकत्र करून मूळ किल्ली काढावी आणि व्हॅलिडेटर नव्या व्यवस्थेत न्यावा.

या कामी घाई करणाऱ्यांचेच नुकसान होते. किल्ली जुळून आली म्हणून तिघांनी नवा संगणक सुरू केला आणि जुने तीन संगणक बंद करावयाचे राहून गेले, तर काय होईल? जुने तिघे मिळून एक सही करतील, नवा एकटाच दुसरी करील आणि त्या दोन साक्षी जुळल्या नाहीत की खातेवहीच्या दृष्टीने तो फितूर साक्षीदार ठरेल. किल्ली हरवल्याने जेवढे बुडाले नसते, त्याहून अधिक ती सापडल्याने बुडेल. अनामत कापली जाते, ती चूक भोळेपणाने झाली की लबाडीने हे पाहून नव्हे. खातेवही दोन सह्या पाहते. मनुष्याचा हेतू तिला दिसत नाही.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम सर्व जुने संगणक बंद करावयाचे आणि ते खरोखर बंद झाले, हे खातेवहीतील गैरहजेरीवरून पडताळून पाहावयाचे. आतापर्यंत कोणकोणत्या साक्षींवर सह्या झाल्या त्यांची नोंदवही जपून घ्यावयाची. नवा संगणक ती वाचल्यावाचून सही करणार नाही, अशी व्यवस्था ठेवावयाची. नंतर इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर तिन्ही वाटे एकत्र करावयाचे. आलेली किल्ली खरी की खोटी, हे तिच्यापासून निघणाऱ्या सार्वजनिक क्रमांकावरून कळते. तो क्रमांक खातेवहीत पूर्वीपासून नोंदलेला असतो. दोन्ही जुळले तरच पुढे जावयाचे. कोणी चुकीचा वाटा आणला असेल तर तेथेच उघड होते. काम संपताच त्या संगणकावरील किल्ली पुसून टाकावयाची.

तथापि एक गोष्ट कोणत्याही काळजीने टळत नाही. ज्या क्षणी किल्ली अखंड झाली, त्या क्षणी त्या संगणकासमोर बसलेला मनुष्य एकटाच तिचा धनी झाला. वाटे करण्याचा सारा खटाटोप ज्या भीतीपोटी केला, ती भीती त्या अर्ध्या तासापुरती परत येऊन उभी राहते. म्हणून शक्य तेथे किल्ली जुळवावयाचीच नाही, असे धोरण जाणते लोक ठेवतात.

किल्ली न जुळविता सही कशी व्हावी? याचे उत्तर सहीच्या एका विशिष्ट रीतीत आहे. २००१ साली बोने, लिन आणि शाचम या तिघांनी मांडलेल्या आणि त्यांच्या आद्याक्षरांनी बीएलएस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सहीत असा गुण आहे, की वाट्यांवर चालणारा हिशेब सह्यांवरही तसाच चालतो. प्रत्येक भागीदार आपल्या घरी बसून आपल्या वाट्याने अपुरी सही करतो. कोणत्याही तीन अपुऱ्या सह्या वर दिलेल्या गुणकांनी एकत्र केल्या की पूर्ण सही तयार होते. किल्ली मात्र कोठेही एकत्र येत नाही. याहून पुढची पायरी अशी, की चौघे मिळून आरंभीच आपापले वाटे अशा पद्धतीने निर्माण करतात, की पूर्ण किल्ली कोणत्याही संगणकावर कधी अस्तित्वातच आलेली नसते. भागीदार बदलला तर शून्याच्या जागची संख्या तीच ठेवून नवी वक्र रेषा काढता येते आणि सर्वांना नवे वाटे देता येतात. मात्र जुने वाटे खरोखरी नष्ट केले पाहिजेत. तीन जुने वाटे कोठे पडून राहिले, तर ते एकत्र येताच जुनी किल्ली पुन्हा जिवंत करतील.

येथवर गणिताने आपले काम चोख केले. पुढचे काम माणसांचे आहे आणि आजवरचे मोठे घात तेथेच झाले आहेत. मार्च २०२२ मध्ये रोनिन नावाच्या खेळाशी संबंधित ब्लॉकचेनवर चोरी झाली. तेथे नऊ व्हॅलिडेटरांपैकी पाचांच्या सह्या लागत. कागदावर हा बंदोबस्त भक्कम दिसतो. परंतु नऊपैकी चार किल्ल्या एकाच कंपनीपाशी होत्या आणि पाचव्याच्या वतीने सही करण्याची जी तात्पुरती सवलत त्या कंपनीला पूर्वी दिली होती, ती काम संपल्यावर मागे घ्यावयाची राहून गेली. चोरांनी ते एक घर फोडले आणि पाच सह्या मिळविल्या. तत्कालीन दराने साठ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गेली आणि सहा दिवस कोणाच्या लक्षात आले नाही.

दुसरा प्रसंग मुंबईत उगम पावलेल्या वझीरएक्स या चलनबाजाराचा. १८ जुलै २०२४ रोजी त्याच्या एका पाकिटातून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची मालमत्ता गेली. तेथे एका किल्लीचे वाटे नव्हते. सहा स्वतंत्र किल्ल्या होत्या. पाच कंपनीच्या माणसांच्या आणि एक मालमत्ता सांभाळणाऱ्या बाहेरच्या संस्थेची. कंपनीच्या तिघांची आणि त्या संस्थेची अशा चार सह्या आवश्यक होत्या. कंपनीचे म्हणणे असे, की पडद्यावर दिसत होते एक आणि सही झाली ती भलत्याच व्यवहारावर. चूक कोणाच्या बाजूने झाली, याविषयी कंपनी आणि ती संस्था यांच्यात वाद झाला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात ही चोरी उत्तर कोरियाच्या टोळ्यांची असल्याचे म्हटले. सह्या करणारे चार असले, तरी चौघांनी एकाच चित्रावर विसंबून सही केली तर ती चार साक्षी ठरत नाही.

याच्या उलट एक उदाहरण घेण्यासारखे आहे. इंटरनेटवरील नावांच्या मूळ नोंदवहीची एक गुप्त किल्ली आहे. मूळ यंत्रे नष्ट झाल्यास ती परत मिळविता यावी, म्हणून २०१० साली निरनिराळ्या देशांतील सात व्यक्तींना वाटे देण्यात आले. त्यांपैकी पाच लागतात. वाटा सुरक्षित आहे हे कळावे, म्हणून या धारकांनी वर्षातून एकदा आपली ठेव आणि त्या दिवसाचे वर्तमानपत्र हाती धरून छायाचित्र पाठवावे, अशी पद्धत ठेवण्यात आली. एवढ्या प्रगत व्यवस्थेला अखेर त्या दिवसाच्या वर्तमानपत्राचा आधार घ्यावा लागला, यात हसण्यासारखे काही नाही. गणित वाट्यांची संख्या मोजते. तो वाटा आज जागेवर आहे की नाही, हे माणसालाच विचारावे लागते.

हुलसूरच्या मास्तरांना भालकीचे व्यापारी दिवाळीला भेटले, तर फराळ झाल्यावर त्यांनी एवढे अवश्य विचारावे, "मास्तर, तुमचा वाटा कुठे ठेवलात? तुमच्या मागे तो कोणाला सापडेल?" मास्तरांनी त्याचा राग मानू नये आणि हाच प्रश्न त्यांना परत विचारावा. पुण्याच्या मुलालाही पत्राने वा दूरध्वनीने तो विचारावा. चौघांचे वाटे चार निराळ्या घरी असावेत. दोन वाटे एका छपराखाली येऊ नयेत. एक वाटा गेल्याचे कळताच, दुसरा जाण्याची वाट न पाहता, नवे वाटे करावेत. आणि जुळवाजुळवीचा क्रम कागदावर लिहून प्रत्येकापाशी ठेवावा. कारण या मालमत्तेची नक्कल देणारी कचेरी बिदरला नाही, बंगळूरला नाही आणि अन्य कोठेही नाही. तिच्यासाठी जी काही कचेरी आहे, ती हे चौघेच होत.